स्प्रिंग ‘बसते’ म्हणजे काय होते?

आमच्या शाळेत धान्य पोचवायला एक पिकअप गाडी येते. गाडीचा मालक आमचाच माजी विद्यार्थी. गेल्या पावसाळ्यानंतर तो एकदा गाडी घेऊन आला तेव्हा पोती उतरवून झाल्यावरही फाटकाशी रेंगाळत राहिला. गाडीची पुढची डावी बाजू जरा खाली बसल्यासारखी दिसत होती. दीड वर्षात पुढच्या टायरच्या दोन जोड्या आतल्या कडेने झिजून वाया गेल्या होत्या. त्याने तीन गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तर तीन निदाने मिळाली. पहिल्याने सांगितले, “शॉकअब्सॉर्बर गेले.” दुसरा म्हणाला, “व्हील अलाइनमेंट करून घ्या.” तिसऱ्याचे म्हणणे, “स्प्रिंग बसली, मऊ पडली.” तिन्ही कामांचे पैसे वेगवेगळे, आणि चुकीच्या कामाला घातलेला पैसा परत मिळत नाही.

“सर, नववीत तुम्ही आम्हाला हूकचा नियम शिकवला होता,” तो म्हणाला. “आता तुम्हीच सांगा, स्प्रिंग बदलू की नको?”

प्रश्न सरळ होता, पण उत्तर मला तरी लगेच देता आले नाही. वर्गात आपण स्प्रिंगला वजने टांगतो, आलेख काढतो, रेषा सरळ आली की फळा पुसतो. तीच स्प्रिंग दहा वर्षे गाडीच्या ओझ्याखाली उभी राहिली तर तिचे काय होते, हे आपल्या पाठात कुठे येत नाही. म्हणून आम्ही ठरवले, की अंदाज सोडून द्यायचे आणि मोजायचे. या लेखात त्या मोजणीची आणि तिच्यामागच्या विज्ञानाची गोष्ट सांगायची आहे.

आधी गाडीखाली डोकावून पाहू

सगळ्या पिकअप गाड्यांना पुढे गुंडाळी स्प्रिंग नसते. आपल्याकडच्या अनेक मालवाहू पिकअपना पुढे आणि मागे पाटेच असतात. काही गाड्यांना पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी सरळ दांडी असते. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा गाड्यांना मात्र पुढे गुंडाळी स्प्रिंग आणि मागे पाटे असतात. आमच्या विद्यार्थ्याची गाडी याच दुसऱ्या जातीची होती.

या मांडणीत चासीला बिजागरीसारखे जोडलेले दोन आडवे बाहू असतात, एक वर आणि एक खाली. त्यांच्या बाहेरच्या टोकांवर चाक बसवलेले असते. स्प्रिंग खालच्या बाहूवर उभी असते, पण चाकापाशी नव्हे, तर थोडी आत. त्यामुळे बाहू तरफेसारखा वागतो. चाक १० मिलिमीटर वर गेले तर स्प्रिंग तेवढी दबत नाही. आमच्या गाडीत ती साधारण ६ मिलिमीटर दबत होती. उलट बाजूने पाहिले, तर चाकावर जेवढे वजन येते त्याच्या १० भागिले ६ पट बल स्प्रिंगवर येते. तरफेचा नियमच हा: अंतरात वाचवले ते बलात मोजावे लागते. पुढच्या हिशेबात या ६ आणि १० च्या गुणोत्तराची गरज लागणार आहे.

स्प्रिंगमधली तार वाकते की पिळते?

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक मुले सांगतील, तार वाकते. प्रत्यक्षात गुंडाळी स्प्रिंग दाबली किंवा ओढली की तिच्यातली तार मुख्यतः पिळली जाते. गुंडाळी स्प्रिंग म्हणजे पीळ घेणारी एक लांब दांडी, जागा वाचावी म्हणून वेटोळे घालून ठेवलेली.

हे लक्षात आले की स्प्रिंगची ताठरता कशावर अवलंबून असते तेही उलगडते. ताठरता म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारे बल. ती चार गोष्टींवर ठरते:

पहिली, धातूचा दृढता गुणांक, म्हणजे पिळाला विरोध करण्याचा त्या धातूचा गुण. पोलादासाठी तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७९,००० न्यूटन असतो.
दुसरी, तारेची जाडी. ताठरता जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते.
तिसरी, वेटोळ्याचा व्यास. व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात ताठरता कमी होते.
चौथी, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. वेढे जितके जास्त तितकी स्प्रिंग मऊ.

सूत्रात मांडायचे तर, दृढता गुणांकाला जाडीच्या चौथ्या घाताने गुणायचे आणि त्याला ८ गुणिले व्यासाचा घन गुणिले वेढे यांनी भागायचे. तार १६ मिलिमीटर जाड, वेटोळ्याचा मध्यरेषेवरचा व्यास ११० मिलिमीटर आणि काम करणारे वेढे ६ असतील तर ताठरता दर मिलिमीटरला सुमारे ८१ न्यूटन येते. तरफेमुळे चाकापाशी ती ०.६ च्या वर्गाने गुणावी लागते. एकदा बलासाठी आणि एकदा अंतरासाठी, म्हणून वर्ग. चाकापाशीची ताठरता झाली दर मिलिमीटरला सुमारे ३० न्यूटन. चाकावर गाडीचा ४५० किलोग्रॅमचा भार असेल तर गाडी उभी असतानाच चाकापाशी सुमारे १४७ मिलिमीटर दाब गेलेला असतो, आणि स्प्रिंग ९० मिलिमीटरच्या आसपास दबलेली असते.

त्या वेळी तारेत कातर-प्रतिबल किती असते? दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५०० न्यूटन. म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या टोकाएवढ्या जागेवर पन्नास किलोचे पोते. वेटोळ्याच्या आतल्या कडेला ते याहूनही जास्त असते. साधे मऊ पोलाद याच्या निम्म्या प्रतिबलालाही कायमचे पिळले गेले असते. म्हणून या स्प्रिंगांसाठी सिलिकॉन, क्रोमियम, मँगनीज असे घटक मिसळलेले आणि पाणी देऊन कडक केलेले खास पोलाद वापरतात. आणि गाडी नुसती उभी असतानाची ही स्थिती आहे. खड्ड्यात चाक आपटले की प्रतिबल आणखी वाढते.

लांबी कमी झाली की ताठरता?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गॅरेजवाला “मऊ पडली” म्हणतो तेव्हा त्याला ताठरता कमी झाली असे म्हणायचे असते. पण वरची यादी पुन्हा वाचा. वापरामुळे यातले काय बदलेल? दृढता गुणांक हा धातूच्या अणूंमधल्या बंधांचा गुण आहे. वर्षानुवर्षे ओझे वाहून तो कमी होत नाही. वेढे मोडले नाहीत तर तेवढेच राहतात. व्यास जवळजवळ तोच राहतो. तार गंजली नाही तर जाडीही तीच. मग ताठरता कमी होणार कशी?

आणि तरी गाडी खाली बसते, हे तर डोळ्यांना दिसते. या कोड्याचे उत्तर वर्गात सहज करून पाहता येईल.

*करून पाहा.* साधारण एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्या. बोटाएवढ्या जाड दांडीवर तिचे वीस वेढे घट्ट घालून दांडी काढून घ्या. ही झाली स्प्रिंग. ती टांगा, खाली पारडे बांधा, शेजारी पट्टी उभी करा. पारड्यात वीस-वीस ग्रॅम वजने टाकत लांबी नोंदवा. सुरुवातीला वजने काढली की स्प्रिंग पहिल्या लांबीवर परत येते. वजन वाढवत नेले की एक वेळ अशी येते की वजने काढल्यावरही ती थोडी लांबच राहते. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली गेली.

बहुतेक वर्गांत प्रयोग इथे थांबतो. तुम्ही थांबू नका. या लांबलेल्या स्प्रिंगला पुन्हा पहिल्यापासून वजने टांगा आणि त्याच आलेखावर दुसरी रेषा काढा. दोन्ही रेषा जवळजवळ समांतर येतील. आरंभबिंदू सरकलेला असेल, पण चढ तोच. म्हणजे स्प्रिंग मऊ झाली नाही, तिची मूळ लांबी बदलली.

आपली स्प्रिंग ओढली जात होती म्हणून लांबली. गाडीची स्प्रिंग दाबली जाते, म्हणून तिची मोकळी लांबी कमी होते. मेस्त्रींचा ‘बसली’ हा शब्द किती नेमका आहे पाहा! ‘मऊ पडली’ हा मात्र चुकीचा.

रॉबर्ट हूकने आपला नियम १६७६ साली एका अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. ताण आणि बल यांचे प्रमाण त्यात सांगितले होते. पण बल काढल्यावर स्प्रिंग नेमकी पहिल्या जागी परत येते, हे सत्य एका मर्यादेतच आणि थोड्या काळापुरतेच असते. पोलादाच्या स्फटिकांत बारीक दोष असतात. मोठ्या प्रतिबलाखाली हे दोष अणूंच्या थरांवरून किंचित किंचित सरकत राहतात. एका दिवसात काही दिसत नाही. पण वर्षानुवर्षे सतत भार, त्यावर खड्ड्यांचे धक्के आणि क्षमतेपेक्षा जास्त माल यांनी हे सरकणे साठत जाते. मिसळलेले सिलिकॉन हे सरकणे अडवते, म्हणूनच त्या पोलादाची निवड होते. शिवाय कारखान्यात नवी स्प्रिंग मुद्दाम पूर्ण दाबून सोडतात. जे काही बसायचे ते तिथेच बसू दे, गाडीखाली नको, असा त्यामागचा विचार.

मग मोजायचे कसे?

गाडी सपाट फरशीवर उभी केली. चारही टायरमध्ये पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हवा भरली, मागचा माल उतरवला. गाडी चार-पाच मीटर पुढेमागे ढकलली आणि पुढची बाजू दोन-तीनदा दाबून सोडली. हे करावेच लागते, कारण बाहूंच्या रबरी बुशांत घर्षण असते. गाडी वरून खाली येऊन थांबली की एक माप येते, खालून वर येऊन थांबली की दोन-चार मिलिमीटर वेगळे. आम्ही दोन्ही घेऊन सरासरी काढली.

माप घेतले ते चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत. जमिनीपासून का नाही? कारण मग टायरची झीज आणि हवा यांची भेसळ होते. पत्र्याच्या मापातही एक धोका आहे. गाडीला पूर्वी अपघात झालेला असेल तर पत्राच वाकडा असू शकतो. म्हणून चासीवरचे डावे-उजवे बिंदूही पडताळून घेतले.

गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ही उंची ५२० मिलिमीटर हवी होती. आमची मापे आली: डावीकडे ४८५, उजवीकडे ५०५. दोन्ही बाजू खाली, डावी जास्त. आता घाई करून “दोन्ही स्प्रिंगा बसल्या” म्हणायचे का?

थांबा. गाडीच्या तोंडाला मालकाने लोखंडी गार्ड बसवून घेतले होते. त्याचे वजन सुमारे ६० किलो. ते पुढच्या चाकांच्याही ८० सेंटिमीटर पुढे होते, आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ३ मीटर. मागचे चाक हा टेकू धरून आघूर्ण काढा: ६० गुणिले ३.८ भागिले ३, म्हणजे ७६ किलो. साठ किलोचे गार्ड पुढच्या चाकांवर शहात्तर किलोचे ओझे टाकते आणि मागचे सोळा किलोंनी हलके करते! प्रत्येक पुढच्या चाकावर ३८ किलो, म्हणजे सुमारे ३७२ न्यूटन. चाकापाशीची ताठरता ३० धरली तर उंची १२ मिलिमीटरने कमी होणार. म्हणजे स्प्रिंगा निर्दोष असत्या तरी या गाडीची उंची ५०८ च आली असती. वाढलेल्या ओझ्याचा दोष स्प्रिंगच्या माथी मारता कामा नये.

उजवीकडचा फरक मग ३ मिलिमीटरच उरला. डावीकडचा २३.

तिपाईची युक्ती

डावा पुढचा कोपरा खाली आहे, म्हणजे डावी पुढची स्प्रिंगच दोषी, हे तरी सिद्ध झाले का? नाही. चार पायांचे टेबल डुगडुगते तेव्हा आखूड पाय कोणता हे नुसते पाहून कळत नाही. गाडीचे तसेच आहे. मागचा एखादा पाटा बसला तर चासी पिळून पुढचाही कोपरा खाली येऊ शकतो.

तिपाई मात्र कधी डुगडुगत नाही. म्हणून मेस्त्रींनी गाडीला तिपाई केले. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि मागच्या बाजूला चासीच्या बरोबर मध्यभागी एकच जॅक लावून मागची बाजू थोडी उचलली. जॅक आसाखाली नव्हे, चासीखाली लावायचा. आता मागचे पाटे गाडीला डावीकडे किंवा उजवीकडे ढकलू शकत नाहीत. कलायचे ते फक्त पुढच्या दोन स्प्रिंगांच्या मताने. पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या अँटी-रोल बारचे एक टोकही मेस्त्रींनी सोडवले, कारण तोही दोन्ही बाजू सारख्या ठेवायला धडपडत असतो.

पुन्हा मापे घेतली. डावीकडे ४८३, उजवीकडे ५०८. फरक २० वरून २५ झाला! मागचे पाटे गुन्हेगार तर नव्हतेच, उलट ते गाडीला सरळ धरायचा प्रयत्न करत होते. आणि उजवीकडची उंची हिशेबाने आलेल्या ५०८ वर येऊन थांबली. उजवी स्प्रिंग निर्दोष सुटली.

मऊ की बुटकी?

आता शेवटचा प्रश्न: डावी स्प्रिंग मऊ झाली आहे की बुटकी? गाडी पुन्हा चार चाकांवर घेतली. आठवीची चार मुले शाळेच्या काट्यावर तोलली, एकूण १६० किलो भरली. इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, आणि चौघेही लोखंडी गार्डावर मधोमध उभे. तरफेच्या हिशेबाने पुढच्या आसावर सुमारे २०३ किलो वाढायला हवे होते, प्रत्येक चाकावर जवळजवळ १०१. स्प्रिंगा पूर्वीसारख्याच ताठ असतील तर उंची ३३ मिलिमीटरने कमी व्हावी.

डावीकडे ३४ मिलिमीटर, उजवीकडे ३३. आमच्या मोजणीतली चूकच दोन मिलिमीटरची, तेव्हा दोन्ही सारख्याच म्हणायच्या. डावी स्प्रिंग मऊ झालेली नाही, ती बसली आहे. तांब्याच्या तारेचा आलेखच फाटकाशी उभा होता.

पण याला दोन अपवाद आहेत, तेही सांगायला हवेत. पहिला गंज. तार १६ वरून १५.५ मिलिमीटर झाली, म्हणजे सर्व बाजूंनी पाव मिलिमीटर खाल्ली गेली, तर चौथ्या घातामुळे ताठरता १२ टक्क्यांनी कमी होते. अशी स्प्रिंग खरोखर मऊ असते. शिवाय पिळाचे प्रतिबल तारेच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त असते, म्हणून गंजाचा एक बारीक खड्डासुद्धा भेगेची सुरुवात करू शकतो. कारखान्यात स्प्रिंगवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घट्ट करतात आणि वर रंगाचा थर देतात, तो याचसाठी. दगड लागून रंग उडाला की हे संरक्षण गेले.

दुसरा अपवाद मोडलेली स्प्रिंग. खालच्या टोकाचा वेढा चिखलपाण्यात असतो. बऱ्याचदा तोच तुटतो. वेढे कमी झाल्याने स्प्रिंग जास्त ताठ होते, पण लांबी गेल्याने गाडी खालीच बसते! खाली बसलेली गाडी आणि कडक धक्के अशी जोडी दिसली तर टॉर्च घेऊन खालचा वेढा पाहावा. वेढ्यांवर एकमेकांवर आपटल्याचे चकाकते डाग आणि रबरी ठोकळ्यावर ताजे वळ दिसले, तर चाल पुरेनाशी झाली आहे असे समजावे.

शॉकअब्सॉर्बरचे काय?

पहिल्या गॅरेजचे निदान राहिलेच. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकअब्सॉर्बरचे काम वेगळे: स्प्रिंगची दोलने तेलातल्या घर्षणाने विझवणे. आपल्या आकड्यांवरून या गाडीचे दोलन सेकंदाला सुमारे १.३ वेळा होते. गाडीचा कोपरा दाबून सोडा. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकअब्सॉर्बर काम करतो आहे. झुलतच राहिली, किंवा त्याच्या नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर तो गेला. आमची गाडी लगेच स्थिरावली, तेलही नव्हते. या चाचणीतून थोडी झीज पकडता येत नाही, पण एक गोष्ट नक्की: साधा शॉकअब्सॉर्बर बदलल्याने बसलेली गाडी वर येत नाही.

एवढ्या पंचवीस मिलिमीटरने काय बिघडते?

बरेच. चाक ज्या बाहूंवर झुलते त्यांची लांबी सारखी नसते, म्हणून गाडी खाली आली की चाकाचा उभा कल बदलतो. गॅरेजमध्ये त्याला कॅम्बर म्हणतात. चाकाचा माथा आत झुकतो आणि टायर आतल्या कडेवर चालू लागतो. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६५ सालापासून पिकअपना पुढे दोन लांब तुळयांची मांडणी दिली, वर गुंडाळी स्प्रिंगा. प्रत्येक तुळई चासीच्या पलीकडच्या बाजूला बिजागरीने जोडलेली. अशी तुळई मीटरभर लांब धरली आणि स्प्रिंग चाकापाशी २५ मिलिमीटर बसली, तर चाक सुमारे दीड अंश कलणार. मुलांना त्रिकोणमिती शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. म्हणूनच स्प्रिंगा बसलेल्या अशा गाड्यांचे टायर आतून खाल्ले जातात. अलाइनमेंटच्या यंत्रावर कल तात्पुरता जुळवता येतो, पण मूळ कारण तसेच राहते. दुसऱ्या गॅरेजने सांगितलेले काम चुकीचे नव्हते. ते शेवटी करायचे, आधी नव्हे.

दुसरी गोष्ट चालीची. चाकाला वर यायला ७० मिलिमीटर जागा असेल, तर आमच्या गाडीत डावीकडे त्यातली ३५ गेलेली होती. खड्ड्यात किंवा ब्रेक लावताना उरलेली जागा संपली की चाक रबरी ठोकळ्यावर आपटते, आणि त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी.

तिसरी गोष्ट रात्रीची. पुढची बाजू सरासरी २५ मिलिमीटर खाली म्हणजे ३ मीटर लांबीत १२० ला १ असा उतार. मंद दिव्याचा झोत शंभराला एक या उताराने लावलेला असेल, तर साधारण ९० मीटरवर जमिनीला टेकणारा प्रकाश आता ५० मीटरच्या आत टेकतो. घाटात रात्री भाजी घेऊन जाणाऱ्या माणसाला हे चाळीस मीटर टायरपेक्षाही मोलाचे आहेत.

दुरुस्ती आणि एक इशारा

पाटे बसले की त्यांना पुन्हा कमान मारून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. गुंडाळी स्प्रिंगला ती लावू नये. गरम करून ताणली की पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि मग ती सचमुच निकामी होते. वेढ्यांत रबर कोंबले की गाडी वर येते खरी, पण तेवढे वेढे काम करायचे थांबतात आणि पीळ उरलेल्यांवर पडतो. स्प्रिंग नवीच घालावी, आणि दोन्ही बाजूंची एकदम, कारण नवी आणि जुनी यांची लांबी जुळत नाही.

हे काम मात्र विद्यार्थ्यांचे किंवा शिक्षकांचे नाही. ९० मिलिमीटर दबलेल्या या स्प्रिंगमध्ये सुमारे ३३० जूल ऊर्जा साठलेली असते. तेहतीस-चौतीस किलोचा दगड एक मीटरवरून पडावा तेवढी, आणि ती एका क्षणात सुटू शकते. स्प्रिंग दाबून धरण्याचे खास साधन असलेल्या मेस्त्रींनीच ती काढावी. मुलांनी जॅकवरच्या गाडीखाली वाकूनही पाहू नये.

मेस्त्रींनी डावी स्प्रिंग काढली तेव्हा मी प्रयोगशाळेतला व्हर्निअर घेऊन गेलो होतो. तारेची जाडी १६ मिलिमीटर, म्हणजे गंजाने फारसे खाल्लेले नव्हते. नव्या स्प्रिंगशेजारी ती टेबलावर उभी केली. १५ मिलिमीटर बुटकी! चाकापाशी २५ चा फरक, त्याला ०.६ ने गुणा, येतात बरोबर १५. गाडीखालून काहीही न काढता, एक फूटपट्टी, एक जॅक आणि आठवीची चार मुले यांनी हे उत्तर आधीच दिले होते.

डावीच का बसली? या गाडीची डावी चाके बहुतेक वेळ रस्त्याच्या तुटक्या कडेने चालतात आणि मालही घाईत डावीकडे रचला जातो, असे मालकानेच सांगितले. गार्डही त्याने उतरवले. नव्या स्प्रिंगांनंतर उंची दोन्हीकडे ५२० च्या आसपास आली, मग अलाइनमेंट झाले. शॉकअब्सॉर्बर तेच राहिले, त्यांचे पैसे वाचले.

नववीच्या वर्गात आता हूकच्या नियमाचा तास एका स्प्रिंगने संपतो. ती जुनी, बसलेली स्प्रिंग त्याने शाळेला देऊन टाकली. दिसायला धडधाकट आहे. तिच्यात काय बिघडले आहे, असे मी मुलांना विचारतो. बहुतेक जण म्हणतात, “मऊ झाली असेल.” मग आम्ही मोजायला बसतो.